सहा गोळ्यांचे संरक्षण

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी भर दिवसा अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांचा खून करण्यात आला. या खुनाने साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष बीड जिल्ह्याकडे वळले आणि त्याच्या पाठोपाठ या जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा विषयही चव्हाट्यावर आला. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांची छायाचित्रे, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती आणि जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याची माहिती, हे सारे एकाच वेळी लोकांसमोर आले. नवे पोलिस अधीक्षक नवनीत काँवत यांनी परवान्यांची छाननी हाती घेतली आणि जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. या कारवाईचे स्वागत झाले व ते योग्यच होते. तथापि गुंडांचे परवाने रद्द झाल्याने सज्जनांचे भय कमी झाले असे म्हणता येत नाही. उलट ज्या जिल्ह्यात सरपंचालाच असे मरण येते, तेथे सामान्य माणसाने स्वतःच्या रक्षणासाठी काय करावे, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक टोकदार झाला आहे.

या भयातूनच परवानाधारकांत आणि परवान्याच्या इच्छुकांत एक वाद ऐकू येतो. खिशात मावेल अशा लहान रिव्हॉल्वरमध्ये पाच किंवा सहा गोळ्या असतात. हल्लेखोर टोळीने आले तर एवढ्या गोळ्या पुरणार कशा, असे काही जण म्हणतात. तर हाताळण्यास सोपे आणि ऐन वेळी दगा न देणारे रिव्हॉल्वरच बरे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे असते. हा वाद केवळ हौशी लोकांचा म्हणून टाळून चालणार नाही. त्याच्या मुळाशी जिवाची भीती आहे आणि भीतीला उपदेशाने उत्तर देता येत नाही. तेव्हा गोळ्यांच्या संख्येचा हा प्रश्न आधी त्याच्याच कसोटीवर तपासून पाहिला पाहिजे.

कायद्याने काय मिळते?

पहिली गोष्ट अशी की, अमेरिकेत या वादाला जे रूप आहे ते आपल्याकडे नाही. तेथे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्वर की पंधरा-सतरा गोळ्यांचे पिस्तूल, अशी निवड नागरिकापुढे असते. भारतात नऊ मिलिमीटर, .३८ आणि .४५५ या बोअरची शस्त्रे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध वर्गात मोडतात. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेल्या माणसाच्या हाती बहुधा .३२ बोअरचे शस्त्र येते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर हे त्याचे परिचित रूप. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांसाठी म्हणून जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे जेमतेम अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्वर बाजारात आले. त्याची किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती, म्हणजे ज्या स्त्रियांना भय अधिक त्यांच्या आवाक्याबाहेरच ते होते. पुढे ‘निडर’ हे .२२ बोअरचे, आठ गोळ्यांचे, वजनाने आणखी हलके रिव्हॉल्वर निघाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पन्नास मीटरपर्यंत पल्ला असलेले ‘प्रबळ’ आले. याच बोअरच्या देशी पिस्तुलात सामान्यतः सात-आठ गोळ्या मावतात. म्हणजे बहुतेक परवानाधारकांपुढे खरी निवड आहे ती सहा आणि आठ यांच्यातील. दोन गोळ्यांच्या या फरकावर जीवनमरणाचा निकाल अवलंबून असतो काय, हे पाहावयास हवे.

रिव्हॉल्वरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याची रचना साधी असते. एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते. पिस्तुलात काडतूस अडकले तर ते मोकळे करण्यास सराव लागतो आणि भेदरलेल्या माणसाला तो सराव आठवत नाही. याउलट रिव्हॉल्वर रिकामे झाले की त्याची घरे पुन्हा भरण्यास वेळ लागतो आणि हल्ला चालू असताना तेवढी उसंत मिळत नाही. लहान रिव्हॉल्वरची नळी आखूड असते, चाप जड असतो आणि म्हणून नेम साधणे कठीण जाते. सारांश, ज्याने वर्षानुवर्षे शस्त्राला हात लावलेला नसतो त्याला रिव्हॉल्वर सोयीचे, हे खरे. पण ज्याने वर्षानुवर्षे हात लावलेला नाही त्याच्या हातून नेमकी गोळी लागणे कठीण, हेही तितकेच खरे.

येथे न्यूयॉर्कच्या पोलिसांचा अनुभव उद्‌बोधक ठरावा. रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, १९९८ ते २००६ या काळात तेथील पोलिसांच्या परस्पर गोळीबाराच्या चकमकींत झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी अवघ्या १८ टक्के गोळ्या लक्ष्यावर लागल्या. समोरून गोळीबार होत नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांपुढे गेले नाही. हे वेतनावर असलेले, नियमित सराव करणारे पोलिस. त्यांचेच प्रमाण धरले तर सहा गोळ्यांपैकी सरासरी एकच गोळी लागते आणि पाच दुसरीकडे जातात. ही आकडेवारी पाहून कोणी म्हणेल की, म्हणूनच अधिक गोळ्या हव्यात. पण त्या दुसरीकडे गेलेल्या गोळ्या हवेत विरून जात नाहीत. केजच्या आठवडी बाजारात, परळीच्या बसस्थानकात किंवा बीडच्या सुभाष रोडवर अशा पाच गोळ्या कोणाच्या तरी अंगात शिरण्याचाच संभव अधिक. गोळ्यांची संख्या वाढली की हा धोकाही त्याच प्रमाणात वाढतो.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातील प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, हातात सुरा घेतलेला माणूस एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात तोडून अंगावर येऊ शकतो. तेवढ्याच वेळात तरबेज पोलिस कसाबसा शस्त्र काढून एक-दोन गोळ्या झाडू शकतो. धोतराच्या कनवटीला, सदऱ्याखाली किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवलेले रिव्हॉल्वर काढण्यास किती वेळ लागेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. चक्रातील पाचवी किंवा सहावी गोळी कमी पडण्यापूर्वी पहिल्या गोळीचीच वेळ निघून गेलेली असते.

बीडमधील हिंसेचे स्वरूप

हे झाले शस्त्राचे गणित. त्याहून महत्त्वाचा आहे तो बीड जिल्ह्यातील हिंसेचा प्रत्यक्ष अनुभव. गेल्या काही वर्षांतील तीन घटना त्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षणाच्या आंदोलनाने हिंसक वळण घेतले तेव्हा माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांच्या घरावर जमाव चालून गेला आणि ते घर पेटवून देण्यात आले. सोळंके त्या वेळी घरातच होते. त्याच दिवशी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचेही घर जाळण्यात आले. चहूबाजूंनी जमावाने वेढलेल्या घरातून सहा गोळ्या झाडल्या काय किंवा साठ झाडल्या काय, परिणाम एकच झाला असता. चार-दोन तरुण कोसळले असते आणि दगड हाती घेतलेला जमाव सूडाने पेटून उठला असता. घरातून गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत, यातच त्या दिवशीचा मोठा अनर्थ टळला.

दुसरी घटना जून २०२४ मधील. मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांच्यावर परळीत गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचा जागीच अंत झाला. दबा धरून किंवा ओळखीचा फायदा घेऊन जवळून केलेल्या गोळीबारात पहिली गोळी नेहमी हल्लेखोराची असते. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२४ रोजी माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांचा खून झाला तेव्हा त्यांच्या दिमतीला सशस्त्र पोलिस होता. तरीही हल्लेखोरांनी आपला डाव साधला. प्रशिक्षित अंगरक्षकाचे शस्त्र जेथे कामी आले नाही, तेथे एकट्या नागरिकाचे रिव्हॉल्वर काय करणार, हा प्रश्न अस्थानी नाही.

तिसरी घटना अर्थातच मस्साजोगची. देशमुख यांना डोणगाव टोल नाक्याजवळ गाडी अडवून ओढून नेण्यात आले. हल्लेखोर अनेक होते आणि तयारीने आले होते. या प्रकरणाचा न्यायनिवाडा न्यायालयात व्हावयाचा आहे आणि आरोपींच्या दोषाविषयी तेथेच निर्णय होईल. पण तपास यंत्रणेने आरोपपत्रात जो घटनाक्रम मांडला आहे तो असा की, पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली, ६ डिसेंबरला प्रकल्पाच्या जागी मारहाण झाली, सरपंच या नात्याने देशमुख मध्ये पडले आणि त्याचा सूड तीन दिवसांनी घेण्यात आला. या तीन दिवसांकडे नीट पाहिले पाहिजे. त्यांत सूडाची चाहूल लागण्याजोगे पुष्कळ घडले होते. आधीची मारहाण आणि खंडणीची मागणी यांची गंभीर दखल त्याच वेळी घेतली गेली असती तर पुढचे टळले असते, असे मानण्यास जागा आहे. खुनानंतर केज पोलिस ठाण्यातील उपनिरीक्षकावर निलंबनाची कारवाई झाली, तीही याच हलगर्जीपणामुळे. देशमुख यांच्या खिशात रिव्हॉल्वर असते तर काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे. ठाण्यात गुन्हा वेळेवर दाखल होऊन अटक झाली असती तर काय झाले असते, यासाठी फारसा तर्क लढवावा लागत नाही.

शस्त्र कोणावर उलटते?

घरात ठेवलेले शस्त्र शत्रूसाठीच वापरले जाते, अशी अनेकांची समजूत असते. अंबाजोगाईत वाढलेले आणि देशाच्या राजकारणात शिखरावर पोचलेले प्रमोद महाजन यांच्यावर २२ एप्रिल २००६ रोजी त्यांच्या मुंबईतील घरात त्यांचे धाकटे बंधू प्रवीण यांनीच गोळ्या झाडल्या. पिस्तूल .३२ बोअरचे आणि परवान्याचे होते. तीन गोळ्या लागल्या आणि ३ मे रोजी महाजनांचे निधन झाले. एका परवान्याने एका कुटुंबाचा आणि एका पक्षाच्या भवितव्याचा कसा घात केला, हे बीड जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली, तेव्हा समोर कोणी शत्रूही नव्हता. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, अधिकाऱ्याच्याच दालनात, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी परवान्याच्या शस्त्राने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. या तिन्ही घटनांतील शस्त्रे कायदेशीर होती. परवाना देताना माणसाची मालमत्ता आणि प्रतिष्ठा पाहिली जाते. त्याचा राग, त्याचे भाऊबंदकीचे वाद आणि त्याचा निष्काळजीपणा यांची तपासणी होत नाही.

असे असले तरी शस्त्राचा परवाना कोणालाही देऊ नये, असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. गावापासून दोन-तीन कोस दूर, शेतातल्या वस्तीवर राहणारे कुटुंब आहे. रात्री दरोडेखोर आले तर त्याची हाक गावापर्यंत पोचत नाही. पेट्रोल पंपाची रोकड रोज घेऊन जाणारा मालक आहे, सराफ आहे. अशा माणसाच्या हाती शस्त्र आहे एवढ्याची जाणीवही एकट्यादुकट्या चोराला परतवून लावते, आणि अशा प्रसंगी एक-दोन गोळ्याच पुरतात. म्हणजे जेथे शस्त्राचा उपयोग आहे तेथे सहा गोळ्या पुरेशा आहेत आणि जेथे सहा गोळ्या पुरत नाहीत तेथे आठही पुरणार नाहीत. या वादाचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे.

शस्त्रबंदीला या देशात एक कडवट इतिहास आहे, याचाही विसर पडू नये. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी सारा हिंदी समाज निःशस्त्र केला. त्याविरुद्ध राष्ट्रीय चळवळीने सतत आवाज उठवला आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश झाला. निजामी राजवटीत रझाकारांच्या हातची हत्यारे पाहिलेल्या मराठवाड्याला निःशस्त्र असण्याचा अर्थ कोणी सांगावयास नको. पण स्वतंत्र भारताच्या घटनेने हा हक्क मूलभूत मानला नाही आणि १९५९ च्या कायद्याने तो परवान्यावर सोपवला. त्यामागचा विचार असा की, नागरिकाच्या रक्षणाची जबाबदारी आता परक्या सरकारची नसून त्याच्या स्वतःच्या राज्याची आहे. राज्याने ती पार पाडली नाही तर नागरिक पुन्हा शस्त्राकडे वळतो. आणि नागरिक असा वळू लागला की तो राज्यावरचा अविश्वास आहे असे समजावे.

कायद्याची कसोटी

परवानाधारकांपैकी किती जणांना स्वसंरक्षणाच्या कायद्याची माहिती असते, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे या हक्काची आहेत. मृत्यूची, गंभीर दुखापतीची किंवा अपहरणाची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. पण ३७ वे कलम सांगते की, सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्कच उरत नाही आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेली गोळी स्वसंरक्षणाची ठरणे अवघड. शेवटच्या गोळीचा हिशेबही न्यायालयात द्यावा लागतो. चक्रात आणखी गोळ्या मावल्या तर हा हिशेब सोपा होत नाही, उलट तो वाढतो.

आणखी एक विसंगती आहे. निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करून घेतली जातात आणि ते योग्यही आहे. पण बीडसारख्या जिल्ह्यात गावोगावचे वैर निवडणुकीच्या दिवसांतच सर्वाधिक पेटते. म्हणजे ज्या काळात भय सर्वाधिक, त्याच काळात शस्त्र जवळ नसते. त्या दिवसांत माणसाला कोण तारते? गावातील बंदोबस्त, वेळेवर केलेली प्रतिबंधक कारवाई आणि ठाण्याचा दरारा. जे निवडणुकीच्या महिन्यात शक्य होते ते वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत अशक्य का व्हावे, याचे उत्तर प्रशासनाने दिले पाहिजे.

काय करावे?

या पार्श्वभूमीवर काही गोष्टी निश्चयाने करावयास हव्यात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे आणि आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्यात उणीव फारशी नाही. वराती आणि वाढदिवस यांत गोळ्या झाडणाऱ्याचा परवाना चित्रफीत गाजल्यानंतर नव्हे, तर घटनेच्या दुसऱ्याच दिवशी तपासला गेला पाहिजे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अर्जदारावर दाखल झालेले गुन्हे, शस्त्राची सुरक्षित साठवण आणि वापरलेल्या काडतुसांचा हिशेब पाहिला जावा. ज्याला शस्त्र चालवता येते याचा पुरावा नाही त्याला ते बाळगू देण्यात कोणाचेच हित नाही. म्हणून ठरावीक मुदतीने नेमबाजीची चाचणी सक्तीची करावी. जिल्ह्यात किती परवाने आहेत, किती नवे दिले आणि किती रद्द केले याचा तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयाने दर वर्षी जाहीर करावा. एखादा खून होईपर्यंत ही संख्या लोकांना कळू नये, हे लोकशाहीला साजेसे नाही.

त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे धमकीच्या तक्रारीची दखल. परवान्यासाठी जो अर्ज येतो त्यात जिवाला धोका असल्याचे कारण दिलेले असते. हे कारण खरे असेल तर तो केवळ परवान्याचा अर्ज नाही, ती गुन्ह्याची पूर्वसूचना आहे. धोका कोणाकडून आहे, कशावरून आहे, याची चौकशी ठाण्याने केली पाहिजे आणि धमकी देणाऱ्यावर कारवाई केली पाहिजे. कारण खोटे असेल तर परवाना नाकारला पाहिजे. आजवर बहुधा या दोहोंपैकी काहीच न करता मधला मार्ग काढला गेला: धमकी देणारा मोकळा राहिला आणि धमकावलेल्याच्या किंवा तसे भासवणाऱ्याच्या हाती रिव्हॉल्वर आले. बाराशे परवान्यांचा डोंगर असाच उभा राहिला.

लहान रिव्हॉल्वरच्या सहा गोळ्या पुरेशा आहेत की नाहीत, हा प्रश्न विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही. आपल्या मदतीला दुसरे कोणी येणार नाही, असे ज्याने गृहीत धरले आहे तोच गोळ्या मोजत बसतो. मस्साजोगच्या घटनेने बीड जिल्ह्यातील हजारो माणसांना तसे गृहीत धरावयास लावले आहे. हे गृहीत खोटे ठरवण्याची जबाबदारी जिल्ह्यातील प्रत्येक पोलिस ठाण्यावर आणि त्या ठाण्यांवर अधिकार चालवणाऱ्या राज्यकर्त्यांवर आहे. रद्द झालेल्या परवान्यांची संख्या सांगून ती संपत नाही.